आडवा चौदा

“आडवा चौदा अर्धाच आहे, काका,” प्रसेनजित म्हणाला.

त्यानं कागद माझ्याकडे फिरवला आणि पेनाचं टोक त्या ओळीवर ठेवलं. माझ्या बायकोच्या, बनाच्या बारीक अक्षरात तिथं दोनच शब्द होते. ‘वात उलटली’. पुढे कंसात दोनचा आकडा.

“अर्धा कसा? कंसात आकडा तं आहे,” मी म्हणालो.

“आकडा अक्षरांचा. उत्तर दोन अक्षरांचं आहे, एवढंच तो सांगतो.” त्यानं खुर्ची जवळ ओढली. “काकूंच्या प्रत्येक इशाऱ्यात दोन भाग असतात. एक सरळ अर्धं, एक तिरपं अर्धं. सरळ अर्ध्यात उत्तराचा अर्थ असतो. तिरप्यात शब्द उलटून, मोडून, जोडून तेच उत्तर पुन्हा मिळतं. दोन्हीकडून एकच शब्द आला, की सोडवणाऱ्याची खात्री पटते. इथं तिरपं अर्धं आहे. ‘वात’ची अक्षरं उलटी केली की ‘तवा’. पण तवा म्हणजे काय, ते काकूंनी लिहिलेलंच नाही.”

देऊळगाव राजाच्या बसस्टँडमागे एका खोलीत ‘खडकवाट’ साप्ताहिकाचं ऑफिस आहे. प्रसेनजित तिथला संपादक, तोच टाइप करणारा, तोच जाहिराती आणणारा. बनाची तिरपी शब्दकोडी त्यानं बारा वर्षं दर रविवारी छापली होती. खाली नाव असायचं : बनाबाई, बीबी. बीबी हे आमचं गाव. पुढच्या रविवारी उत्तरं यायची आणि प्रत्येक उत्तराचा उलगडाही यायचा.

बनाला जाऊन चाळीस दिवस झाले होते. तिच्या पत्र्याच्या डब्यात मला हा कागद सापडला. चौकोन आखलेले, उत्तरं भरलेली, इशारे लिहिलेले. मी तो न वाचता घेऊन आलो होतो. मला वाटलं, द्यायचा आणि परत जायचं.

“सोपं आहे,” प्रसेनजित म्हणाला. “मी भरतो ना. ‘वात उलटली, चुलीवर बसतो काळा.’ झालं. दोन मिनिटांचं काम.”

“नको.”

“का?”

मी मोटरवाला आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी तांब्याच्या तारेनं पुन्हा भरून देतो. एका मोटरीची तार दोघांनी भरली तर ती चालते, पण माझ्या मनाला पटत नाही. एकाचा हात घट्ट असतो, दुसऱ्याचा सैल. ते मी त्याला सांगितलं आणि म्हणालो, “दुसऱ्याचा हात लागला, तं खाली तिचं नाव कसं टाकशील?”

प्रसेनजितनं डोळे चोळले. तो वाईट माणूस नाही. “मग अर्धा छापू का? काका, काकूंनी बारा वर्षांत एक अर्धा इशारा दिला नाही. लोक म्हणतील, शेवटी शेवटी बाईचं डोकं...” तो थांबला. “शुक्रवारी दुपारी पानं जालन्याला छापायला जातात. तोवर पूर्ण झालं तर हे छापू. नाहीतर त्यांचं एखादं जुनं पुन्हा देऊ. तेही त्यांचंच की.”

“हे तिचं शेवटचं आहे,” मी म्हणालो.

“म्हणूनच तर.” त्यानं कागदाची झेरॉक्स काढून दिली. “साखरखेर्ड्याला जा. रहेमतुल्लाभाई म्हणून आहेत, गादीवाले. दर आठवड्याला सगळं कोडं सोडवून पोस्टकार्ड टाकतात. काकूंचा एकेक इशारा त्यांना पाठ आहे. यात काही लपलेलं असेल तर त्यांनाच दिसेल.”

त्या दिवशी मंगळवार होता.

मी बनाची कोडी कधी वाचली नव्हती, हे सांगायला पाहिजे.

पहिलं कोडं छापून आलं तेव्हा मी पेपर हातात घेतला होता. मी सातवीपर्यंत शिकलो. पेपर रोज वाचतो. पण ती ओळ तीन वेळा वाचूनही मला काही समजलं नाही. बना म्हणाली, “राहू द्या. तुम्ही नका वाचू. तुमचं काम वेगळं आहे.” मी पेपर ठेवून दिला. ती अंगणवाडी सेविका होती, मॅट्रिक झालेली, विहारातल्या वाचनालयातली सगळी पुस्तकं दोनदा वाचलेली. आपल्याला समजणार नाही असंच तिला म्हणायचं असेल, असं मी धरलं. तिनं ते रागानं म्हटलं नव्हतं. पण मी पुन्हा पेपराचं ते पान उघडलं नाही. बारा वर्षं.

तिला कोरे कागद मात्र मी आणून द्यायचो. बीटी कपाशीचं बियाणं आमच्याकडे आलं, त्याच्या पाकिटात एक मोठी पिशवी, एक लहान पुडी आणि एक पत्रक असायचं. पत्रकाच्या एका बाजूला फुटलेल्या बोंडांचं चित्र आणि बारीक छपाई, दुसरी बाजू कोरी. पेरणीच्या दिवसांत ती पत्रकं गावभर उडत असायची. बना त्यांच्या पाठीवर चौकोन आखायची. पुढची बाजू वाचणारी गावात ती एकटीच असेल. लहान पुडीतलं साधं बी बांधाकडच्या ओळींत पेरा, म्हणजे अळी तिकडे राहते, असं त्यात लिहिलं होतं. तिनं हे पुष्कळ जणांना सांगितलं. आमच्याकडे मोटर घेऊन आलेला हिंमतराव म्हणाला, “वहिनी, अळीसाठी बी काऊन पेरू मी? ती काय पाहुनी आहे का? पत्रक तुम्ही ठेवा, पुडी मी फेकतो.” सगळे हसले, बनाही हसली. पुढे गुलाबी अळीचं वर्ष आलं. हिंमतरावनं उभ्या पऱ्हाटीत ढोरं सोडली आणि भरायला टाकलेली मोटर न्यायला तो आलाच नाही. त्या वर्षी माझ्या दुकानात सात मोटरी तशाच राहिल्या. अजून आहेत.

बुधवारी सकाळी मी सिंदखेड राजाला गाडी बदलून साखरखेर्ड्याला गेलो. गादीचं दुकान विचारावं लागलं नाही. बाहेर कापसाचा ढीग होता आणि आत पिंजायची मशीन चालू होती. तिच्या मोटरीचं बेअरिंग घासलेलं आहे, हे मला रस्त्यावरूनच ऐकू आलं.

“या, बसा. काय पाहिजे, गादी का रजई?” दाढीवर, भुवयांवर कापूस बसलेला म्हातारा म्हणाला.

“मी बीबीचा माणिक. बनाबाईचा मालक.”

त्यानं मशीन बंद केली. खांद्यावरच्या फडक्यानं तोंड पुसलं आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. “बाईचे मालक! मुबीना, चाय ठेव. बीबीहून पाहुने आले.” मग मला म्हणाला, “पेपर उघडला तं कोड्याच्या जागेवर काळी चौकट. मी तिला म्हनलो, आता रविवारी काय करू मी? पाच रविवार झाले. पोस्टकार्ड घेऊन ठेवले ते तसेच पडून आहेत.”

मी झेरॉक्स काढून दिली आणि आडवा चौदा दाखवला. त्यानं चष्मा लावला.

“वात उलटली. तवा.” हे त्याला लगेच आलं. मग तो थांबला. “अन् पुढं?”

“पुढं नाही. प्रसेनजित म्हनते, अर्धं राह्यलं. तुम्ही पाहा, काही लपून आहे का.”

“असंल. असंल. बाई अर्धं देनार नाही.” तो कागद उजेडाकडे धरून बसला. चहा आला आणि थंड झाला. “वात उलटली... दिवा... दिव्यावर तवा पालथा धरला की काजळ जमते. माझी अम्मी धरायची.” माझ्याकडे बघून तो हसला. मला वाटलं, झालं काम. पण त्यानं स्वतःच मान हलवली. “नाही. हे वढून-तानून आहे. अन् मग उत्तर काजळ पाहिजे होतं. बाई वढून आनत नव्हती.”

त्यानं कागद माझ्या मांडीवर ठेवला.

“माणिकभाऊ, खोटं नाही सांगत. अर्धंच आहे.”

मी उठायला लागलो. त्यानं मला खाली बसवलं. “अरे बसा. एवढ्या लांबून आले. बाईनं तुम्हाले कधी दाखवलं नाही का, कसं करायची ते?”

“मी वाचत नव्हतो.”

“बारा वर्षं घरात राहून?” त्यानं बायकोकडे, मुबीनाकडे पाहिलं. ती गादीला टाके घालत होती. “पाह्य. विहीर यांच्या अंगनात, अन् पानी आपन साखरखेर्ड्याहून भरून राह्यलो.”

“तुम्ही गप बसा,” मुबीना म्हणाली. “मानूस दुःखात आहे.”

तो काही गप बसला नाही. त्यानं पेटीतून तीन जाड रजिस्टरं काढली. बनाचं प्रत्येक कोडं कापून त्यांत चिकटवलेलं होतं, ओळीनं, तारीख टाकून.

“हे पाहा. ‘काम उलटलं; दाढी असलेलं पीक.’ दोन अक्षरं. काम उलटं वाचा.”

“मका,” मी म्हणालो.

“शाब्बास. अन् दाढी असलेलं पीक, ते सरळ अर्धं. मक्याले दाढी असते ना?”

“हे तं मीच म्हनलो होतो,” मी म्हणालो.

“काय म्हनलो होतो?”

“मक्याले दाढी असते म्हनून. ती विचारायची.”

त्याला समजलं नाही. मलाही तेव्हा नीट समजलं नव्हतं. त्यानं पान उलटलं. “हे घ्या. ‘गुरुजी, किंवा...’ गुरुजी म्हंजे सर. किंवा म्हंजे की. सर अन् की, सरकी. पुढचं सरळ अर्धं वाचू का?”

“थांबा,” मी म्हणालो. “जिच्यासाठी म्हैस दूध सोडते.”

रहेमतुल्लाभाईनं रजिस्टरात पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मुबीनाची सुई थांबली.

“अक्षर न् अक्षर तेच,” तो म्हणाला. “पुढचं. ‘गरीब उलटला.’ गरीब म्हंजे दीन, उलटा केला की नदी. सांगा.”

“पुलाखाली वाळू दिसते.”

“बरोबर. ‘पहिल्या व्यंजनाजवळ.’ पहिलं व्यंजन क. जवळ म्हंजे पाशी. कपाशी. सांगा.”

“दर वर्षी आस लावते.”

“बरोबर. हे मागच्या साली आलतं, मले लई आवडलं होतं. ‘बैल ओढायचे ती आणि विहीर संपते ते.’ बैल ओढायचे ती मोट. विहिरीचं शेवटचं अक्षर र. मोटर.”

पुढचं सरळ अर्धं मला पाठ होतं. हिंमतरावची मोटर मी कोपऱ्यात सरकवत होतो तेव्हा बनानं विचारलं होतं, “अजी, मोटर म्हंजे काय हो?” मी म्हणालो होतो, “मालक फिरकला नाही तर कोपऱ्यात बसते.” ती हो म्हणाली आणि पत्रकावर काहीतरी लिहीत बसली. हे असं नेहमीच चालायचं. माझे हात ग्रीसमध्ये, ती बाजेवर. मका म्हंजे काय हो? सरकी म्हंजे काय हो? मला वाटायचं, अंगणवाडीतल्या पोरांना शिकवायचं असेल. कधी मी वैतागायचो. म्हणायचो, तुला माहीत नाही का? ती म्हणायची, “मले माहीत आहे. तुमचं सांगा.”

मी हे रहेमतुल्लाभाईला सांगितलं. वाचू नका म्हणाली होती, तेही सांगितलं. ते मी आजपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं.

तो रजिस्टरावर हात ठेवून बसला होता. “छापून येते हे माहीत असतं तं तुम्ही सजवून बोलले असते,” तो म्हणाला. “आमच्याकडे पोरगी पाह्यला मानसं आली की मी कसा बोलतो, हिला विचारा.”

“पोथी वाचल्यासारखे बोलतात,” मुबीना म्हणाली.

“म्हंजे पहा. सहाशेच्या वर कोडी सोडवली मी. तिरपं अर्धं बाईचं, हे बरोबर. पन मी अडकलो की हात सरळ अर्ध्याले घालायचो. तिथं कधी खोटं निघालं नाही.” मग त्यानं चष्मा काढला. “पन मग तव्याचं बाईनं तुम्हाले नाही विचारलं?”

“विचारलं होतं.”

“मग? काय सांगतलं तुम्ही?”

“काही नाही. मी भाकर टाकली.”

ते असं झालं होतं. पोळा चार दिवसांवर होता. जालन्याच्या डॉक्टरनं तिला घरी न्यायला सांगितलं होतं. तिची बाज मी पुढच्या खोलीत, दुकानातच आणली होती, म्हणजे काम करता करता लक्ष राहील. तीन दिवस तिनं अन्न घेतलं नव्हतं. दुपारी मी एका मोटरीत बेअरिंग बसवत होतो आणि ती म्हणाली, “अजी, तवा म्हंजे काय हो?” मला वाटलं, तिला भूक लागली. भाकर मागून राह्यली. मी हातातलं काम टाकलं. ग्रीस निघता निघेना, मी राखेनं हात घासले. पीठ भिजवलं. तवा तापवला. मला भाकर थापता येत नव्हती. एका बाजूनं जाड, एका बाजूनं फाटलेली अशी एक झाली. ती मी ताटलीत घालून नेली. बनानं भाकरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ती हसायला लागली. हसता हसता खोकली, पण हसणं थांबेना. मग तिनं दोन घास खाल्ले. चांगली झाली म्हणाली. पुन्हा काही विचारलं नाही. बैलांच्या मिरवणुकीचा आवाज येत होता त्या दिवशी ती गेली.

पत्रक त्या वेळी तिच्या उशीखाली असेल. मी ते उचलून डब्यात ठेवलं असेल. मला आठवत नाही.

मुबीना उठून आत गेली. भांड्यांचा आवाज आला. ती जेवण घेऊन आली आणि नको म्हणायला तिनं जागा ठेवली नाही. जेवण झाल्यावर मी त्यांच्या मशीनच्या मोटरीचं झाकण उघडून बेअरिंगला ग्रीस दिलं. बेअरिंग बदलावंच लागेल, हे सांगितलं. रहेमतुल्लाभाई गाडीपर्यंत आला. “आता विचारनारं कोनी नाही,” तो म्हणाला, “पन जवाब तं तुमच्यापाशीच आहे.”

उत्तर माझ्यापाशी नव्हतं.

गुरुवारी सकाळपासून मी पत्रकांच्या पाठीवर लिहीत होतो. लोखंडी, गोल. चुलीवर असतो. भाकर भाजतो. सगळं खरं होतं आणि एकही बरोबर नव्हतं. वाचलं की वाटायचं, हा कोणीतरी शाळेतला मुलगा निबंध लिहितो आहे. बनाला मी कधी अशी उत्तरं दिली नव्हती. दुपारपर्यंत सात पत्रकं खराब झाली.

चार वाजता कलाबाई आली. ती अंगणवाडीत मदतनीस आहे, बनाबरोबर एकोणीस वर्षं होती. भाजीची वाटी झाकून घेऊन आली होती.

“कलाबाई, एक काम कर,” मी म्हणालो. “मले विचार, तवा म्हंजे काय.”

“येड लागलं का भाऊजी तुम्हाले?”

“विचार म्हनतो ना. बना विचारायची तसं.”

तिनं वाटी ठेवली. माझ्याकडे, पत्रकांकडे पाहिलं. “बरं. पन मी अजी-बिजी म्हननार नाही, आधीच सांगते.” तिनं घसा साफ केला. “तवा म्हंजे काय हो, भाऊजी?”

“तवा म्हणजे,” मी म्हणालो, “स्वयंपाकघरातली एक वस्तू...”

“थू!” ती म्हणाली. “साहेब अंगनवाडी तपासाले आल्यावर आमची मॅडम अशीच बोलते. बनाबाई विचारायची तं तुमचे हात कामात असायचे. तोंड वर करून पाहतही नव्हते तुम्ही तिच्याकडे. मी पाह्यलं ना इथं बसून.”

ते खरं होतं. मी पाना घेतला आणि एक जुनी मोटर पुढे ओढली. कलाबाई दारात बसली. थोडा वेळ तिनं मुद्दाम दोन-तीनदा विचारलं, पण ती विचारणार हे मला माहीत असायचं, मग काही सुचत नव्हतं. शेवटी तिनं नाद सोडला. अंगणवाडीचं सांगायला लागली. बनाबाईच्या जागेवर अजून कोणी आलं नाही, पोरांची वजनं तिलाच करावी लागतात, वजनकाट्याची कडी तुटली. मी मोटरीतून जुनी तार ओढत होतो. जळालेली तार कडक होते, जोर लावावा लागतो.

“कडी आन, मी जोडून देतो,” मी म्हणालो.

“आनते. अन् रोज भाजी आनून ठेवते मी, तुम्ही खाता कशाबरोबर? बिस्किटाचे पुडे दिसतात नुसते. तवा तापवता का नाही?”

“एकट्यासाठी तापवावा वाटत नाही,” मी म्हणालो.

तार हातातच राहिली.

“काय झालं?” कलाबाई म्हणाली. “काऊन गप झाले?”

मी हात पुसले आणि झेरॉक्सवर लिहून काढलं. वात उलटली, एकट्यासाठी तापवावा वाटत नाही. कंसात दोन. कलाबाईला वाचून दाखवलं. तिला कोडी समजत नाहीत, माझ्यासारखंच. तिनं ऐकलं आणि पदर तोंडाला लावला. मग उठून आत गेली. डब्यात पीठ आहे का ते पाहून आली आणि म्हणाली, “पीठ आहे अजून. जाळं धरायच्या आत संपवा.”

शुक्रवारी पहिल्या गाडीनं मी देऊळगाव राजाला गेलो. प्रसेनजितनं ओळ वाचली. त्यानं कॉम्प्युटरवर हात ठेवले, पण टाइप केलं नाही.

“हे काकूंचं आहे?” त्यानं विचारलं.

“तिचंच आहे. ती विचारायची, मी सांगायचो. या वेळी सांगायला उशीर झाला.”

त्यानं ओळ टाइप केली. खाली टाकलं : बनाबाई, बीबी. मला स्क्रीनवर दाखवलं, मात्रा, आकडे सगळे तपासून घ्या म्हणाला. मी चोवीसही इशारे वाचले. बारा वर्षांत पहिल्यांदा. तेवीस सरळ अर्धी ओळखीची निघाली. तिरपी अर्धी मला सगळी सुटली नाहीत. उत्तरं पाहून नऊ सुटली.

रविवारी मी बीबीच्या स्टँडवर पेपर घ्यायला गेलो. बाकावर एक माणूस बसला होता. चाळिशीचा असेल, पायाशी खताच्या पिशवीतलं सामान, बीबीचा नव्हता. त्यानं गुडघ्यावर ‘खडकवाट’ची घडी ठेवली होती आणि पेनानं कोडं सोडवत होता. मी त्याच्या बाजूला बसलो. माझा पेपर मी उघडला नाही.

तो आडव्यांत पुढे सरकत होता. अकरा सुटला. बारावर डोकं खाजवलं, सोडून दिला. तेरा सुटला. मग तो चौदावर आला. वाचलं. पेन जरा वर थांबलं. मग त्यानं पहिल्या चौकोनात त लिहिला, दुसऱ्यात वा, आणि पंधराकडे गेला.

थोड्या वेळानं मेहकरची गाडी आली. त्याच्या कोड्यात तीन जागा कोऱ्या राहिल्या होत्या. त्यांची उत्तरं मला माहीत होती. त्यानं सामान उचललं, पेपर खिशात कोंबला, आणि मी बघतो आहे हे पाहून हसला.

“तीन नाही सुटले,” तो म्हणाला. “राहू द्या. पुढच्या रविवारी बाई सांगतेच.”

“हाव, सांगते,” मी म्हणालो.